आमचे शेजारी मेनस्विच

शेजारच्या आबांना आमच्या मजल्यावर सगळे मागून ‘मेनस्विच’ म्हणतात. नाव मीच पाडलंय. श्रेय दुसऱ्या कुणाला देऊ नका. आबांचं आयुष्य छापखान्यात गेलं. सुटी झाली की सगळी यंत्रं बंद करून शेवटी बाहेर पडणारा माणूस तो. निवृत्तीनंतर बंद करायला यंत्रं उरली नाहीत, मग घरातल्या दिव्यांच्या मागे लागले.

संध्याकाळी आबांची फेरी निघायची. नातीच्या खोलीत डोकावून, “पंखा कुणासाठी फिरतोय गं? भुतासाठी?”

“तुमच्यासाठीच. बसा!” नात म्हणायची. मग तिथे गप्पा. पुढे सूनबाईशी गीझरवरून हुज्जत, हुज्जतीबरोबर अर्धा कप चहा. बटण हे नुसतं निमित्त, हे सगळ्यांना कळत होतं. मुलगा सोडून.

मुलगा हुशार. नको तितका. त्याने पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर आणला, त्याला बटणं आपोआप चालू-बंद करणारी रिलेची पेटी जोडली आणि घरातले दिवे, पंखे, गीझर त्याच्या हवाली केले. प्रत्येक खोलीत वर कोपऱ्यात एक पांढरा डोळा. कुणी हललं की पेटीत खट्, दिवा चालू. हालचाल थांबली की थोड्या वेळाने खट्, बंद. कुठला दिवा चालू, ते मुलाला मोबाइलवर दिसतं.

“बाबा, आता उठायलाच नको. आरामात बसा.”

आबा तरी सवयीने निघाले. “काही हवंय का, आबा?” नातीने विचारलं. काय हवंय ते सांगता येईना. परत फिरले आणि खरंच बसले.

बसले ते इतके स्वस्थ, की डोळ्याला खोली रिकामी वाटायची. दिवा गुल! मग आबा हात हलवायचे. एकदा आमच्या गॅलरीतून समोरच्या त्यांच्या खिडकीत ते बघून मीही हात हलवला. “आबा फारच प्रेमात आलेत,” मी म्हटलं. “तुमच्या? चष्मा बदला,” आमची ही म्हणाली.

आबांनी मुलाकडे तक्रार केली. तो हसला. “अधूनमधून हलत जा की जरा. तेवढाच व्यायाम.”

“वेळ वाढवून दे ना.”

“रविवारी बघतो.”

रविवार येतात नि जातात, त्यांचं काय!

हल्ली ती खिडकी काळीच दिसायला लागली, म्हणून काल गेलो. सूनबाईने फोनवर बोलता बोलता दार उघडलं, मानेनेच ‘आत आहेत’ म्हणाली. मी खोलीत पाय टाकला आणि खट्, लख्ख उजेड. आबा खुर्चीत, टक्क जागे.

“अहो, अंधारात काय करताय? हात हलवायचा ना.”

“छापखान्यात हजेरीला सकाळी एकदा ‘हजर’ म्हटलं की दिवसभर पुरायचं,” आबा म्हणाले. “इथे दर पाच मिनिटांनी कोण म्हणत बसणार?”

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून मुलाचा आवाज आला, “अगं, बाबांच्या खोलीतला दिवा लागलाय. तिथे कोण आलंय?”