सुपानं वारं घालणारी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी मागं भिंतीला टेकून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, काल सासू बोलली म्हणून आज आलंय अंगात. पण माझी मुलगी पमी मासिकातले असले अनुभव मला वाचून दाखवते, आणि दर वेळी मला ती दुपार आठवते. म्हणून तिच्या जुन्या वहीत लिहितेय. कुठं पाठवणार नाही. चौथीपर्यंत शिकलेय, जमेल तसं लिहिते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. आम्ही अंथुर्ण्याला वस्तीवर राहायचो. सासऱ्यांच्या वेळची मेंढरं विकून थोडा ऊस केला होता. आमचे हे इंदापूरला तहसील कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांनी बारामतीच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून जुना कॉम्प्युटर आणला. घर, पुढं अंगण आणि अंगणापलीकडं एक पत्र्याची खोली, जिथं पूर्वी पेंड ठेवायचो. कॉम्प्युटर त्या खोलीत ठेवला. खोलीला अंगणाकडं दार आणि रस्त्याकडं गजांची खिडकी. एवढं नीट सांगतेय, कारण ते पुढं लागणार आहे.

कॉम्प्युटर चालवता यायचा तो माझ्या जावेला, मनीषाला. बारामतीची मुलगी, बी.कॉम. झालेली. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, दुधाच्या टँकरवर असायचा, आठ-आठ दिवस बाहेर. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसत नाही. बोलायचं तर दाराआडून बोलते. मनीषाही पहिले सहा महिने तशीच वागली. कॉम्प्युटर आला आणि ती ह्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली. काम होतं म्हणून बसायची, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग... मी चहा घेऊन जायचे, तर दोघं पडद्याकडं बघत असायचे. कप कुठं ठेवू, हेसुद्धा कुणी सांगायचं नाही. आडावर बायका विचारायच्या, "काय गं, तुझी जाऊ सायबीण झाली म्हणं?" मी हसून घागर उचलायचे.

ते मशीन होतं थ्री एट्टी सिक्स, म्हणजे जुन्या जातीचं. फार हळू चालायचं. नवीन घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ह्यांनी नुसतं आतलं बोर्ड बदलून जुन्याच डब्यात त्याच्या पुढचं, फोर एट्टी सिक्स बसवलं. काम पळायला लागलं, पण डबा तापायला लागला. उन्हाळ्यात अकरा वाजले की पडदा जागच्या जागी थिजायचा. मग ह्यांनी डब्याखाली विटा लावल्या, बाजूच्या पत्र्याला भोकं पाडली, शेवटी झाकणच काढून ठेवलं. तरी दुपारी बंदच.

एकदा दोघं जेवायला आले असताना मी गोणपाट भिजवलं, पिळलं आणि माठाला गुंडाळतो तसं त्या डब्याला गुंडाळून ठेवलं. मला वाटलं होतं, हे खूश होतील.

"अगं, काय केलंस हे! करंट लागून मेली असतीस!" हे ओरडले.

मनीषा तोंडाला पदर लावून हसत होती. "अक्का, त्याच्यात पाणी न्हाय भरायचं हो प्यायला." मग हेही हसले. दोघं एकदमच हसले. मशीन दोन दिवस उन्हात वाळत पडलं होतं. ते हसू मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्यानंतर त्यांनी माझा पंखा नेला. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला टेबल फॅन, घरात तेवढा एकच.

"मशीनला लागतोय," हे म्हणाले.

"आन् पमीला? घामोळ्यांनी भरलीय पोर."

"पमीला वारं घालायला तू हायस की."

मी पदरानं पमीला वारं घालायला लागले. मला उलटून बोलता येत नाही, हा माझा जन्माचा दोष.

मे महिन्यात एका दूध संस्थेच्या सभासदांची यादी छापायचं काम आलं. दुसऱ्या दिवशी यादी दिली तर पुढचं वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही दिली तर ते बारामतीच्या एका छपाईच्या दुकानाकडं जाणार होतं. दुपारी बाराला छपाई सुरू केली. प्रिंटर कर्र कर्र करत होता, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद खाली पडत होता. तेवढ्यात इंदापूरहून निरोप आला, की नावांच्या केलेल्या दुरुस्त्या संस्थेच्या सेक्रेटरींना समोर बसून दाखवायच्या. नावं मनीषानं टाइप केलेली, म्हणून तिलाही जावं लागणार होतं. हे मला म्हणाले, "अडीच तास चालंल हा कागद. त्याच्या आत मी येतो. तू फक्त पंख्यावर ध्यान ठेव. लाइट गेली तर इलाज न्हाय, पण लाइट असंस्तोवर पंखा बंद पडू देऊ नगं."

मनीषा स्कूटरवर ह्यांच्या मागं बसली. पदर उडू नये म्हणून तो तिनं कमरेला खोचला आणि एक हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला. लग्नाला सात वर्षं झाली होती, माझा हात तिथं कधी गेला नव्हता.

मी खोलीत गेले आणि पंखा काढून घेतला. चुकून नाही, विचार करून काढला. जळू दे म्हटलं एकदाचं. दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या पिशवीत घातली. घरात येऊन पंखा लावला, पमीला हातावर घेतलं आणि झोपले. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

जाग आली ती स्कूटरच्या आवाजानं. ऊन कललं होतं. पमी माझ्या हातावरच होती, हात मुंग्या येऊन बधिर झाला होता. म्हणजे मी उठलेच नव्हते, हे नक्की.

"पंक्चर झाली गं, पाच वाजलं," म्हणत हे खोलीकडं धावले. मी कुलूप काढलं. जळका वास येईल, हीच भीती होती. आत भट्टीसारखं गरम होतं... आणि प्रिंटर चालू होता. ह्यांनी डब्याला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. मग मीही लावला. ओल्या माठासारखा गार.

खुर्चीवर माझं सूप होतं. सकाळी ज्वारी पाखडून मी ते चुलीमागच्या खुंटीला अडकवलं होतं. आणि टेबलाखाली कागदाचा जुना गठ्ठा संपून नवा लावलेला होता.

"अक्का, भोकं बरोबर बसवलीत की!" मनीषा म्हणाली. "मला शिकायला आठ दिवस लागलं." ती ह्या वेळी हसली नाही.

"पंखा कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"घरात... पमीला..."

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून शेजारच्या तात्यांनी तोंड घातलं. त्यांची थोडी मेंढरं अजून होती, त्यांच्या मागं ते रस्त्यानं निघाले होते. "काय रं, बायकूला रोजावर ठिवलीस का? तीन वाजता गेलो तवा सुपानं वारं घालीत बसलीया त्या डब्याला. दोनदा हाळी दिली, मान वर करंल तर शपथ!"

"ही हुती? नक्की?"

"मग काय तुझी आजी हुती? आरं, मी अर्ध्या मैलावरनं मेंढरू वळखतो!"

ह्यांनी पंखा नसलेली जागा बघितली, सूप बघितलं. मग मला म्हणाले, "पंखा पोरीला दिलास आन् हितं सुपानं वारं घालीत बसलीस व्हय? पाच तास?" त्यांचा आवाज मला ओळखू येईना. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजली.

काम मिळालं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मनीषासमोर माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "लाव बघू कागद." मला काही जमेना. भोकं दात्यांवर बसेनात, कागद फाटला. "मी बघतोय म्हणून हुतंय," म्हणत त्यांनी माझा हात धरून शिकवलं. पुढं मनीषाला मूल झालं, ती कमी यायला लागली. तिची खुर्ची माझी झाली. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं.

मी खूप विचार केला. वाऱ्यानं गार झालं म्हणावं, तर त्या दिवशी पान हलत नव्हतं. तात्यांना भास झाला म्हणावं, तर कागद कुणी लावला? कुलूप तसंच होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती. ती कोण होती, कुठून आली, मला आजही माहीत नाही. परत कुणाला दिसली नाही.

पण हे पाहुण्यांना ती गोष्ट अजून सांगतात. सांगताना माझ्याकडं बघतात, आणि त्यांच्या नजरेत एवढी माया असते, की मला वाटतं उठून सांगावं — ती मी नव्हते हो, मी जाळायला निघाले होते. सांगत नाही. सांगितलं तर ती माया कुणाकडं जाईल? त्या खुर्चीपायी मनीषाशी मी दोन वर्षं अबोला धरला होता, तेवढं तरी करता आलं. सुपानं वारं घालणाऱ्या, माझ्यासारख्याच दिसणाऱ्या हिच्याशी अबोला कसा धरू?