दुतोंड्या मारुतीचा जुना फोटो

नाशिकला पूर कोणी मीटरमध्ये मोजत नाही. रामकुंडाजवळ पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक भाजी आणताना वाट वाकडी करून बघून येतात. कमरेला लागलं की काठावरचे दुकानदार माल उचलायला लागतात आणि गळ्याला लागलं की सगळं शहर कामधंदा सोडून पुलावर जमतं. धरणातून किती पाणी सोडलं याचे आकडे रीतसर जाहीर होतात, पण ते कोणाला कळत नाहीत. मारुती कळतो.

मी गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर राहतो. तिथून मारुती दिसत नाही आणि नदीही दिसत नाही. मला पूर मोबाइलवर दिसतो.

नदीकाठच्या ज्या गल्लीत मी वाढलो, तिचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातले बहुतेक जण माझ्यासारखेच उंचावर राहायला गेले आहेत आणि उंचावरून गल्लीच्या आठवणी काढतात. खाली उरलेल्यांपैकी एक माझा लहानपणापासूनचा मित्र. तो तीर्थोपाध्याय आहे. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला बाहेरगावचे लोक येतात, त्यांच्या नोंदी याच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. कोण आलं, कोणत्या गावाहून, कोणाचं काय करायला, आणि त्याखाली, आलेल्या माणसाची सही. अशा लांबट वह्या लाल फडक्यात बांधून तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या असत. माझ्या वडिलांची सहीही त्यातल्या एका पानावर होती. नाशिकला राहायला येण्याआधी, खानदेशातून आजोबांच्या अस्थी घेऊन ते आले होते, तेव्हाची.

दुसऱ्या म्हणजे फुलवाल्या मावशी. गल्लीच्या तोंडाशी टोपली घेऊन बसतात. त्यांचा भाऊ धरणाच्या बाजूला झेंडू लावतो. ग्रुपवर मावशी रोज सकाळी गुलाबाचं चित्र आणि शुभ सकाळ पाठवतात. सगळ्यांत जास्त निरोप त्यांचे आणि सगळ्यांत कमी वाचले जाणारेही त्यांचेच.

माझं काम वेगळं होतं. ते मला कोणी दिलं नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी ग्रुपवर येणाऱ्या थापा पकडायला लागलो. रामकुंडात मगर आली, पूल वाहून गेला, अमुक वार्डाच्या माननीयांनी स्वतः छातीभर पाण्यात उतरून बिस्किटं वाटली. मगर दुसऱ्या राज्यातली निघे, पूल दुसऱ्या देशातला. माननीयांच्या पायाखाली पाट होता, तो मीच फोटो मोठा करून दाखवला. लोक मला सेन्सॉर बोर्ड म्हणत. मला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी समुद्रात कुठेतरी चक्रीवादळ झालं आणि त्याचा पाऊस तीन दिवस त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात पडत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मावशींचा निरोप आला. धरणाचं पाणी लय वाढवलं हाय, दुपारपर्यंत असं होईल, खालच्या लोकांनी सामान वर न्या. सोबत फोटो होता, गळ्यापर्यंत बुडालेल्या मारुतीचा.

मी फोटो मोठा केला. मागे काठावर एका फोटो स्टुडिओची पाटी दिसत होती. तो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला झालेला आनंद मला अजून आठवतो. मी लिहिलं, ‘फोटो जुना आहे. मागची पाटी पाहा. कोणीही घाबरू नये.’ लगेच टाळ्या वाजवणारे तीन हात आले. मी पोहे खायला बसलो.

मावशींनी पाणी किती आलंय हे सांगितलंच नव्हतं. किती येईल ते सांगितलं होतं. गळ्याइतकं, हे कसं दाखवायचं, म्हणून त्यांनी मोबाइलमधला गळ्याइतका फोटो जोडला. पुस्तकात आयुष्य घालवलेल्या माणसाने पाटी वाचली आणि निरोप वाचला नाही.

अडीच वाजता पाणी गल्लीत शिरलं. पुढचा तासभर ग्रुपवर जे येत होतं त्यात खोटं काहीच नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून कमी होताना दिसत होत्या. मावशींची टोपली कोणाच्या तरी खिडकीखालून वाहत गेली. मग मित्राच्या घरातून एक फोटो आला. कपाट आडवं पडलं होतं आणि पाण्यावर लाल फडकी तरंगत होती.

मी तेव्हा काय केलं, तर सकाळचा माझा निरोप काढून टाकला. सगळ्यांसाठी. त्या जागी निरोप काढल्याची करडी ओळ राहिली. ती मात्र काढता येत नाही.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. चिखल काढून झाला होता. वरच्या मजल्यावर दोऱ्या बांधून वह्यांची सुटी पानं वाळत घातली होती, न सुटलेल्या पानांत वर्तमानपत्रं सरकवली होती. वर्तमानपत्रांत पुराच्याच बातम्या होत्या. मित्र जमिनीवर बसून पान पानापासून सोडवत होता. मीही बसलो. त्यानंतर जवळजवळ रोज जायला लागलो.

पानं सुटू लागली तशी एक गोष्ट लक्षात आली. बोरूने आणि काळ्या शाईने लिहिलेल्या जुन्या नोंदी जशाच्या तशा होत्या. बॉलपेनच्या अलीकडच्या नोंदीही वाचता येत होत्या. मधल्या काळात लोक ऐटीने फाउंटन पेन बाळगायचे आणि निळ्या शाईने झोकदार सह्या करायचे. तेवढी पिढी धुऊन गेली. पणजोबा होते, नातू होते, मध्ये निळा डाग. वडिलांचं पान मी स्वतःच सोडवलं. वर काळ्या शाईत त्यांच्या आजोबांचं नाव, मग डाग.

वहिनी, म्हणजे मित्राची बायको, चहा घेऊन यायच्या आणि नवऱ्याला सुनवायच्या. ‘चार वेळा म्हटलं, वह्या वर नेऊन ठेवा. तर म्हणे बघू. कोणाच्या भरवशावर बसला होतात, तुम्हालाच माहीत.’ मित्र मान खाली घालून म्हणायचा, ‘डोळा लागला गं माझा.’ डोळा लागला नव्हता. त्याने माझा निरोप वाचला होता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तीन टाळ्यांतली एक त्याचीच होती.

असे आठ-दहा दिवस गेले. वहिनी रोज सुनवायच्या, तो रोज झोपल्याचं सांगायचा, मी रोज चहा प्यायचो. घरी येऊन ठरवायचो की उद्या सांगू. उद्या गेलो की तिथे पानं असायची आणि पानांचं काम मोठं निकडीचं वाटायचं.

मग एक दिवस कळवणकडचं एक कुटुंब आलं, वडिलांच्या अस्थी घेऊन. मुलाला आजोबांची सही बघायची होती. वडील सांगायचे म्हणे, नाशकाला गेलास की आबांची सही बघ. मित्राने वही काढली. त्या पानावर निळा डाग होता. मुलगा डागावर बोट ठेवून म्हणाला, ‘हितंच व्हती ना?’ मित्र म्हणाला, ‘इथेच होती. चूक माझी आहे. वेळेवर वर नेली नाही.’

ते लोक गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, गेल्यावर मी वहिनींना हाक मारली. म्हटलं, त्याला बोलू नका. तो झोपला नव्हता. मीच घाबरू नका म्हणून लिहिलं होतं आणि मग ते काढून टाकलं.

वहिनींनी कप ट्रेमध्ये ठेवले. ‘मला माहीत आहे, भाऊजी. ग्रुपवर मीही आहे.’

एवढे दिवस का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

‘बोलतच तर होते,’ त्या म्हणाल्या. ‘एवढे दिवस ह्यांना जे ऐकवत होते, ते काय ह्यांच्यासाठी?’

मित्र म्हणाला, ‘पुरे आता.’ कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. मावशींचा निरोप खरा होता, तो मी खोटा ठरवला, माझं ऐकून खालच्या लोकांनी सामान हलवलं नाही, आणि नंतर मी लिहिलेलं पुसलं. चार ओळी लिहायला दीड तास लागला. आधीच्या मसुद्यात फोटोबद्दल एक वाक्य होतं, की फोटो मात्र जुनाच होता. ते खोडायलाच जास्त वेळ गेला.

मावशींचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. लिहायला त्यांना जमत नाही, आधीचे निरोप नात लिहून द्यायची. ‘भाऊ, फोटो जुनाच व्हता. माझ्याकडं तोच हाय. पाणी तेवढं नवं व्हतं.’ राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

ज्या घराण्यांनी पूर्वी आपल्या पानाचे मोबाइलवर फोटो काढले होते, त्यांच्याकडून ते आता येत आहेत. कळवणच्या मुलाच्या आत्याकडेही एक निघाला. मित्र त्यावरून नव्या वहीत नोंदी उतरवतो. मी शेजारी बसून ताडून बघतो. हे काम मला त्याने दिलं.

आमच्या पानाचा फोटो कोणाकडेच नाही. परवा त्याने नवी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, ‘तूच लिही. बॉलपेनने.’ मी वडिलांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आजोबांचं नाव लिहिलं. साल आठवेना. त्यालाही आठवेना.

‘टाक अंदाजाने,’ तो म्हणाला. ‘कोण बघतंय?’

मी ती जागा मोकळी ठेवली.