भर दुपारची हडळ

“पळा! अहो पळा ना! भूत आहे ती, भूत! मामी नाही तुमची!”

दिग्दर्शक पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून असा ओरडला, की बोरीच्या माळावरच्या सगळ्या टिटव्या उडाल्या आणि माझा अंदाज आहे, जिंतूरलाच जाऊन उतरल्या. पण ज्यांना पळायचं होतं त्या बाया काही पळेनात. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या दारात पांढरं लुगडं नेसलेली, केस मोकळे सोडलेली, डोळ्यांखाली काजळ फासलेली हडळ हात वर करून किंचाळत होती. आणि आमच्या बाया डोक्यावरचे पदर सारखे करून, हळदीकुंकवाचे करंडे पुढे धरून, एकामागे एक तिच्या पाया पडायला निघाल्या होत्या.

“कट! कट! कट!” दिग्दर्शक मटकन खाली बसला. बसला तो तापलेल्या दगडावर, म्हणून तितक्याच वेगानं उठला.

मी जीपच्या बॉनेटला टेकून हे सगळं बघत होतो. त्या काळी मी परभणी ते पाथरी जीप मारायचो. नामांतराची वर्षं होती. आज मोर्चा, उद्या बंद. एसटी डेपोत अडकली की जनता माझ्या जीपकडे डोळे लावून बसायची. जीप लाखात एक होती. ब्रेक लागायचे, फक्त तिला जरा आधी सांगून ठेवावं लागायचं. आणि माणसं किती बसायची? एकदा एक म्हातारा पाथरीला उतरून मला म्हणाला, “आज जागा झकास घावली.” बघतो तर तो मागच्या स्टेपनीच्या चाकावर बसून आलेला. अशी कीर्ती पसरल्यावर सिनेमाची कंपनी माझ्याच दारी येणार ना! हडळीला परभणीच्या लॉजवरून बोरीला आणायची आणि दिवस मावळायला परत पोचवायची, ही जिम्मेदारी माझ्यावर आली.

ती हडळ म्हणजे एके काळची मोठी नटी. आम्ही तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचो. तिच्या तरुणपणी ती देवीची कामं करायची. आमच्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, आणि बाई पडद्यावर प्रकटली की लोक चपला काढून बसायचे. बायका उठून पडद्यालाच कुंकू लावायच्या. कुंकू लावून लावून त्या पडद्याचा खालचा काठ कायमचा लाल झाला होता. पुढं त्या तंबूत कोणताही सिनेमा लागो, नायकाचे पाय पानाच्या पिंकेत उभे असल्यासारखे दिसायचे.

पण देवीला वय असतं, हे पडद्यावर कोण सांगतो? देवीचं काम नव्या पोरींकडे गेलं. बाईंना आधी आईची कामं मिळाली, मग आत्याची, मग दार उघडून ‘साहेब घरात नाहीत’ म्हणणारीची, आणि आता ही हडळ. त्यांना विचारलं तर त्या म्हणायच्या, “ड्रायव्हर, हे बढतीचंच काम आहे. दार उघडणारीला सगळ्या सिनेमात एक वाक्य होतं. हडळीला निदान किंचाळायला तरी मिळतं.”

कंपनी इतकी फाटकी, की रात्री शूटिंग करायला दिवे नव्हते. कॅमेऱ्यापुढं निळी काच लावायची आणि भर दुपारी मध्यरात्र करायची. वैशाखातली परभणीची दुपार ती! कावळे उडायचं सोडून सावली-सावलीनं पायी चालायचे. जिनिंगमध्ये उरलेल्या कापसाचे तंतू ओढून कोळ्याची जाळी केली होती. वटवाघूळ म्हणजे मोडक्या छत्रीचं कापड. आणि रक्त म्हणजे गुळाचा पाक, त्यात लाल रंग. पहिल्याच दिवशी ते रक्त फासून एकाला मढं म्हणून निजवलं. मुंग्यांना वर्दी लागली आणि मढं धोतर सावरत विहिरीपर्यंत पळालं. सबंध सिनेमात इतकं जिवंत काम कोणी केलं नाही.

आता असल्या कंपनीनं एका गोष्टीवर मात्र हात सैल सोडला होता. मुंबईहून एक रबरी मुखवटा करून आणला होता. सडका फणस उन्हात फुटावा तसा. निर्माता तो मांडीवर घेऊन बसायचा, मधून मधून त्याच्या गालावरची धूळ पुसायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. हडळीला मुखवटा घालावा. एकदा मुखवटा घातला की आत कोण आहे याला महत्त्व नाही, कोणीही चालेल, आणि बाईंना गाडीत बसवून देता येईल, तेवढेच पैसे वाचतील. बाईंचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. मी माझ्या चेहऱ्यानं घाबरवीन. घाबरवता आलं नाही, तर तुमचा फणस आणि तुम्ही.

म्हणजे त्या दुपारी पैज लागली होती ती अशी: ऊन उतरायच्या आत गावातल्या बायका हडळीला बघून पळाल्या पाहिजेत. नाही पळाल्या तर मुखवटा. आणि मुखवटा म्हणजे बाईंचा चेहरा सिनेमातून कायमचा गेला.

मुंबईच्या लोकांना एक ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बाई केस सोडून घुमायला, किंचाळायला लागली, तर माणसं पळत नाहीत. तिच्या अंगात आलंय, असं समजतात. पुढं जातात, हात जोडतात, विचारतात, ‘कोण हाईस? काय पायजे?’ आणि तिची खणानारळानं ओटी भरतात. त्यात ही तर तंबूतली साक्षात देवी! पळायचं कुणाच्या बापानं?

या सगळ्या बायांच्या पुढं होती मेंढरंवाल्याच्या घरातली एक म्हातारी. गावातल्या बायांची ती बिनखुर्चीची सरपंच. ती शिंकली तर आळीनं शिंकायचं, ती बसली तर आळीनं बसायचं. दिग्दर्शक तिच्यापुढं जाऊन काकुळतीला आला.

“आजी, तुम्ही पळालात तर सगळ्या पळतील. घाबरा ना जरा!”

“कुणाला? या माउलीला?” म्हातारी म्हणाली. “माजी पोरं ल्हान व्हती तवा म्या हिच्या पडद्याला कुकू लावलंय. लेकराला आई भेटली तर पळायचं असतंय व्हय रं?”

“आजी, ती आता भूत झाली आहे.”

“असंल. आमच्या गावात आलीय तर वटी भरून पाठवू.”

दुसऱ्यांदा कॅमेरा सुरू झाला. बाईंनी या वेळी असं विकट हास्य केलं की जीपचा आरसा थरथरला. बाया थबकल्या. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात घोळक्यातून एक बाई पुढं झाली, हात जोडून म्हणाली, “आई, माज्या सुनेकडं बघ गं. तीन वर्सं झाली लग्नाला.” आणि काय सांगू! जुनी सवय ती. हडळीचा उजवा हात आपोआप वर गेला, तळवा पुढं, बोटं जुळलेली, चेहऱ्यावर मंद हसू. झाला आशीर्वाद! बायांनी घोषच केला. म्हातारी नारळ, खण आणि गव्हाची ओंजळ घेऊन पुढं सरसावली. बाई गडबडल्या, पदर धरता धरता निसटला, आणि गहू धुळीत सांडले.

सगळ्या बायांनी एकदम “आगं बया” केलं. किंचाळण्यानं जे झालं नव्हतं ते चार गव्हांनी झालं. दोन बाया तर एक पाऊल मागं सरल्या. बाईंनी ते बघितलं. बाकी कोणाचं लक्षच नव्हतं, कारण निर्माता ओरडत होता, “बस झालं! मुखवटा काढा! कंपनीच्या स्वयंपाक्याला घाला, पण आजच घाला!”

“एकदा,” बाई म्हणाल्या. “आणखी एकदाच. मग फणस.”

तिसऱ्या वेळी बाई किंचाळल्या नाहीत. हात वर केले नाहीत. दारात नुसत्या उभ्या राहिल्या. म्हातारी आली, मागं सगळी आळी. बाईंनी पदर पसरला. बायांचे चेहरे उजळले. म्हातारीनं नारळ उचलला, कपाळाला लावला, पुढं केला.

आणि बाईंनी पदर गोळा केला. घाईनं नाही, हळू, घडी घालावी तसा, आणि कमरेला खोचला. पाठ फिरवली. मग खांद्यावरून मागं एकदा बघितलं, बस, एकदाच.

देव्हाऱ्यातल्या देवीनं कूस बदलली तर जे वाटेल ते माळावर सगळ्यांना वाटलं. नारळ म्हातारीच्या हातात तसाच. तिचा चेहरा असा झाला, की मी तो शब्दांत सांगू शकत नाही, आणि मी न सांगता सोडलेली ही आयुष्यातली एकमेव गोष्ट आहे. ती गर्रकन वळली. चार ढांगा टाकल्या, आणि मग चालू काय, धावूच लागली. तिच्यामागं सगळी आळी. करंडे पडले, कुंकू उडालं. त्यांच्यामागं बघायला आलेली बापे माणसं, त्यांच्यामागं चहावाला किटलीसकट, आणि चहावाल्याच्या मागं खुद्द निर्माता! मी पळालो नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त मी भानावर आलो तेव्हा जीप चालू होती आणि मी जिंतूर रस्त्याला लागलो होतो.

परत आलो तर दिग्दर्शक कॅमेरामनला मिठी मारून रडत होता. “मिळाला! मिळाला!” निर्मात्यानं मुखवट्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मुखवटा गपचूप एका शेतकऱ्याला देऊन टाकला. त्यानं तो बुजगावण्याला घातला. पुढची दोन वर्षं परभणी जिल्ह्यातली एकूण एक पाखरं त्याच्या नाकावर बसायला यायची.

सिनेमा पुढं परभणीला लागला तेव्हा मी म्हातारीसकट सगळी आळी जीपमध्ये घालून नेली. रस्त्यानं लोकांना जीप दिसत नव्हती, नुसती माणसंच वाऱ्यावर चालल्यासारखी दिसत होती. सिनेमा भुक्कड होता, खोटं कशाला बोलू? छत्रीच्या वटवाघळाला लोक हसले, गुळाच्या रक्ताला हसले. पण बाईंनी पदर कमरेला खोचला आणि मागं वळून बघितलं, तेव्हा थिएटरात शेंगा फोडायचा आवाजसुद्धा थांबला.

पण मी सांगत होतो त्या दिवसाचं. ऊन उतरलं, सगळं आवरलं, आणि बाई जीपमध्ये बसल्या. तोंड धुतलेलं, कुंकू लावलेलं. मला वाटलं खूष असतील. आणि होत्याच, हात मांडीवर नुसते नाचत होते. पण परभणीच्या वळणाला म्हणाल्या, “आधी त्या आजींकडे घ्या.”

म्हातारी मेंढरांच्या वाड्याजवळ बसली होती. नारळ शेजारीच ठेवलेला. आम्हाला बघून उठली नाही. बाईंनी गुडघ्यांना समजावत जमिनीवर बैठक मारली आणि तिच्यापुढं पदर पसरला.

“आजी, मघाशी कामासाठी केलं. आता ओटी भरता का?”

म्हातारीनं नारळावरची धूळ पुसली. मग खण घातला, गहू घातले, नारळ ठेवला. कुंकू लावलं. मेंढीच्या दुधाचा चहा ठेवला. बाईंनी कप तोंडाला लावला, पण त्यांना धीर निघेना. दिवसभर ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मुखवट्याशिवाय, नुसत्या चेहऱ्यानं, अख्खं गाव पळवलं होतं त्यांनी!

“खरं सांगा आजी,” त्या पुढं झुकून म्हणाल्या, “मी वळून बघितलं तेव्हा भ्यालात ना?”

म्हातारीनं बशीतला चहा फुंकला.

“भ्यायचं काय त्यात? तुमी वटी घेईनात, मग थांबून काय करावं?”