मामंजींचं मेण

शिवा आला तेव्हा उन्हं कासराभर वर आली होती. मी तिकोणा पेठेला माहेरी भात काढणीला गेले होते आणि आम्ही बायका खाचराकडं निघायच्या बेतात होतो. शिवा आमचा लोणावळ्याचा शेजारी, टांगा हाकतो. कामशेतपर्यंत आगगाडीनं आणि तिथून पुढं पायी आला होता. "आक्का, चला. भाऊंना बरं न्हाई," एवढंच म्हणाला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यानं मान फिरवली. "नको मावशी, आत्ताच प्यालोय वाटंत." मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी घेत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी विळा ओट्यावर ठेवला... आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता बोलायचं राहूनच गेलं.

भाऊ म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना भाऊ म्हणायचं. मी मामंजी म्हणायची, तेही त्यांच्या पाठीमागं. समोर मी इतक्या वर्षांत मोजके शब्द बोलले असेन. ते ओरडणारे नव्हते, मीच तशी. माहेरी चौथी पास झाले तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर नाव पुकारलं तर मी खांबाआड लपले होते. सासरी आल्यावर मला लपायला पदर मिळाला.

मामंजी तरुणपणी पुण्याला लष्कर भागात एका बंदूकवाल्याच्या दुकानात हाताखाली होते. तिथं काम शिकून आले आणि लोणावळ्यात घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान काढलं. बंगलेवाल्यांच्या बंदुका, शिकाऱ्यांच्या बंदुका, कुणाचं पिस्तूल, सगळं दुरुस्तीला यायचं. सरकारी परवाना काचेच्या चौकटीत घालून त्यांनी भिंतीवर लावला होता. सासूबाई दसऱ्याला हत्यारांबरोबर त्या चौकटीलाही हळदकुंकू वाहायच्या. मग विलायतेत लढाई सुरू झाली आणि विलायती काडतुसांची खोकी येईनाशी झाली. लोक वापरलेल्या पितळी पुंगळ्या घेऊन यायला लागले. पुंगळी जुनीच, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि तोंडाला घरी ओतलेली शिशाची गोळी. पिस्तुलाची काडतुसं अशी भरून देणारं आमच्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. मामंजींना त्या कामाचा फार आनंद होता. दुरुस्ती म्हणजे दुसऱ्यानं केलेलं नीट करायचं, हे मात्र आपल्या हातचं, असं ते म्हणायचे.

गोळी नुसती उघडी चालत नाही, तिला मेणाचा लेप द्यावा लागतो. का, ते ते सासूबाईंना मोठ्यानं सांगायचे. मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, हे मला पुढं कळलं. "शिसं लय मऊ. नळीतनं सुसाट जाताना अंग सोडतं आन् ते नळीला चिकटून बसतं. मेण असलं की सुळकन जातं. विलायती गोळीला तांब्याचा अंगरखा असतो. आपली गरिबाची, उघडी. तिला निदान तेल-मेण लावून तरी धाडू."

"मग हळद बी लावा की," सासूबाई म्हणाल्या. "मांडव घाला दारात. मी मुहूर्त काढून आणते."

पुण्याच्या त्या दुकानात लेपाला चरबी वापरायचे. मामंजी म्हणाले, हितं चूल हाय, देव हायेत, चरबी नको. राजमाचीकडून बुध्या ठाकर रानातल्या पोळ्यांचं मेण आणायचा, तेच घ्यायचे. ते कडक असतं. त्यात तेल किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक. ते स्वतः वितळवून वड्या पाडून ठेवायचे.

लेपाचं काम माझ्याकडं कसं आलं, तर एकदा ते सासूबाईंना म्हणाले, "सूनबाई आरशात न बघता कुंकू लावती, बघितलंस का? चंद्रासारखं गोल. बोट हलत न्हाई पोरीचं. माझं आता हलतं." दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर एक ताट आलं. ताटात गोळ्या, एक मेणाची वडी आणि नमुन्याला लेप दिलेली एक गोळी. ते दारात खाकरले आणि निघून गेले. मी ताट आत ओढलं. मेण चुलीच्या वैलावर पातळ करायचं, गोळी बोटांत धरून बुडवायची, जादा मेण निथळू द्यायचं आणि पाटावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओळीनं उभी करायची. पाटावर त्या गोळ्या उभ्या राहिल्या की पंगतीला बसलेल्या मुलांसारख्या दिसायच्या. संध्याकाळी मी ताट उंबऱ्यावर ठेवून पाटाचा आवाज करायची. पुढच्या ताटात कोपऱ्यात गुडदाणीचा तुकडा असायचा, केळीच्या पानात बांधलेला. बाजारातून आणायचे. आमचं सासरा-सुनेचं बोलणं ते एवढंच... ताट जायचं आणि ताट यायचं. पण त्या दोन वर्षांत मला घरात कधी परकं वाटलं नाही.

प्रत्येक खेपेतलं एक काडतूस ते टेकडीमागं जाऊन स्वतः उडवून बघायचे. आणि काडतुसं न्यायला कुणीही येवो, एक वाक्य सांगितल्याशिवाय सोडायचे नाहीत. "बाराचा आवाज बारीक आला तर दुसरा बार काढायचा न्हाई. गोळी नळीत अडकलेली असंल, नळी फुटंल. पिस्तूल खाली ठेवायचं आन् माझ्याकडं यायचं." लोक हसायचे. तुंगार्लीच्या तळ्यावर ओव्हरसियर होते, ते तर म्हणायचे, "भाऊ, तुमचं हे पाठ झालंय आम्हाला, आता आरतीनंतर म्हणत जाऊ." मामंजी म्हणायचे, "म्हना. रोज म्हना."

एकदा त्या ओव्हरसियरसाहेबांचीच काडतुसं भरायची होती. चैत्र होता, ऊन कडक होतं. मामंजी काडतुसांच्या टोप्या आणायला दोन दिवस पुण्याला गेले होते. जाताना ताट ठेवून गेले. परत आल्यावर भरायचं आणि लगेच साहेबांच्या माणसाकडं द्यायचं, असं ठरलेलं. मेणाची वडी नऊ गोळ्या उरल्या तेव्हा संपली. बुध्या त्या महिन्यात आला नव्हता. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी शिवाकडून कुठूनही मेण मागवलं असतं. पण मला वाटलं, आपण सांडलं असं म्हणतील. मी देवघरातला कुंकवाचा करंडा उघडला. कपाळाला कुंकू बसावं म्हणून आम्ही बायका आधी मेणाचं बोट लावतो. ते मेणही बुध्याचंच, फक्त बोटावर यावं म्हणून त्यात खोबरेल घालून मऊ केलेलं. मेण ते मेण, असं मला वाटलं. नऊ गोळ्यांना पुरलं. दिसायलाही तसंच दिसत होतं.

मामंजी आले. दारातून विचारलं, "मेण पुरलं का गं पोरी?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्यांनी माझ्या हातचं कधी तपासलं नव्हतं, तेव्हाही तपासलं नाही. एक उडवून बघितलं ते पहिल्या गोळ्यांतलं निघालं, ठणठणीत वाजलं. काडतुसं तुंगार्लीला गेली. साहेबांनी ती खिडकीत पत्र्याच्या डब्यात ठेवली. उन्हानं ते मऊ मेण पाझरून आत दारूत उतरलं असणार आणि दारूचा जोर गेला असणार.

वैशाखात एक दिवस तिन्हीसांजेला साहेब तळ्याच्या बांधावरून परत येत होते, बरोबर त्यांचा कुत्रा. झुडपातून बिबट्या आला. साहेबांनी पिस्तूल रोखून बार काढला. फुस्स एवढाच आवाज झाला. दुसरा बार काढायला बोट दाबणार इतक्यात मामंजींचं वाक्य आठवलं, असं त्यांनीच पुढं सांगितलं. त्यांनी हात खाली घेतला आणि मागं सरता सरता बांधाच्या दगडांवरून घसरून खाली पडले. बिबट्या कुत्र्याला घेऊन गेला. साहेबांच्या मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, पण ते अजून काठी घेऊन चालतात.

पिस्तूल दुसऱ्या दिवशी दुकानात आलं. मी मधल्या दाराच्या फटीतून बघत होते. मामंजींनी लाकडी काठीनं अडकलेली गोळी बाहेर काढली. तिच्या अंगावरच्या खाचेत मेण होतं. ते नखावर घेऊन त्यांनी वास घेतला. मग उजेडाला धरलं. कुंकवात बुडवलेलं बोटच आम्ही पुन्हा मेणात घालतो, तेव्हा करंड्यातल्या मेणात लाल कण असतातच... त्यांनी मधल्या दाराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग धोतराच्या सोग्यानं ती गोळी स्वच्छ पुसली आणि टेबलावर ठेवली.

चौकशीला जमादार आले. "भाऊ, हे भरलं कुणी? दुकानात आणखी कुणाचा हात लागतो का?" मामंजी म्हणाले, "दुकान माजं, हात माजा. मेण घाईत लावलं. वय झालं आता." मी दाराआड उभी होते. दोन पावलं टाकली असती तर दुकानातच होते... टाकली नाहीत.

काडतुसं भरायचा परवाना गेला. फक्त दुरुस्तीचा कागद उरला. चौकट काढली तिथं भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. सासूबाई एक दिवस जेवल्या नाहीत. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा हात गेला. दुरुस्तीलाही माणसं कमी यायला लागली, पुण्याला जायला लागली. मामंजी दुकानात बसून एकच कुलूप पुन्हा पुन्हा तेल घालून उघडझाप करायचे.

पावसाळ्यात बुध्या आला. परवाना गेल्याचं त्याला माहीत नव्हतं, मेणाचा मोठा गोळा घेऊन आला. मामंजींनी तो घेतला आणि देवघरात आणून ठेवला. सासूबाईंना म्हणाले, "हे कुंकवाला. घरात मेण कमी पडू देऊ नका. आन् कमी पडलं तर सांगत जा. मागायला लाजायचं न्हाई."

"मी कधी लाजले मागायला?" सासूबाई म्हणाल्या. "सगळी हयात मागण्यातच गेली माजी."

"व्हय, ते खरं," म्हणून ते हसले. मी भाकरी थापत होते. माझ्या पाठीला कळलं की हे कुणाला सांगितलं.

त्यानंतर दर वर्षी ते न चुकता मेण आणायचे. दर वर्षी मी ठरवायची, आज बोलू. ते अंगणात एकटे बसलेले असायचे, मी पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत यायची. असं पाच वर्षं चाललं. मी भात काढणीला माहेरी निघाले त्या सकाळीही तांब्या ठेवला. "लवकर ये," म्हणाले. मी मान हलवली.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी ओव्हरसियरसाहेब भेटायला आले. काठी दाराशी टेकवून दुकानातल्या बाकावर बसले. माझे यजमान रेल्वेत फिटर आहेत, ते त्या दिवशी घरी होते. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. साहेब चांगलंच बोलले. म्हणाले, "माणूस मोठा होता. त्यांच्या वाक्यानं मी जिवंत आहे. आता शेवटी शेवटी हात चालेना, त्याला ते तरी काय करणार? एक चूक झाली, माणसानं ती धरून बसू नये." यजमानांनी खाली बघितलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी मधल्या दारात होते. उंबरा ओलांडला कधी ते मला आठवत नाही. "साहेब, चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "मेण मी लावलं होतं. करंड्यातलं. त्यांनी विचारलं पुरलं का, मी हो म्हणाले."

यजमान म्हणाले, "तू आत जा." मी गेले नाही. करंडा, खोबरेल, लाल कण, जमादार, सगळं सांगितलं. साहेब माझ्याकडं आणि मग स्वतःच्या पायाकडं बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तरी चाललं असतं.

"त्यांना कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"गोळी बाहेर काढली तेव्हाच."

साहेबांनी मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाच वर्षं मी क्लबात, स्टेशनवर, पुण्याला, जिथं विषय निघेल तिथं सांगत आलो की भाऊंचा हात गेला होता. आता प्रत्येकाला गाठून उलटं सांगावं लागेल." काठी घेऊन उठले. दारात वळून म्हणाले, "कुणाचं नाव सांगू? सून म्हणून सांगतो, नाव नको घ्यायला."

"नाव घ्या," मी म्हणाले. "यमुना."

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढी वर्षं तोंडात काय मूग धरले व्हतेस?" थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "आन् त्यांनी तरी... मला सुद्दा न्हाई सांगितलं." मग रडल्या. त्या दिवशी जेवण त्यांनी केलं, मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. रागानं की कशानं, मला अजून कळलेलं नाही.

दुकान बंद करायचं ठरलं आहे. हत्यारं ज्याची त्याला परत जायची आहेत, तोवर कुणीतरी दार उघडून बसायला हवं. मी बसते. काल कुसगावचा एक म्हातारा जुनी ठासणीची बंदूक खांद्यावर घेऊन आला. आत डोकावून म्हणाला, "भाऊ न्हाईत व्हय?"

"नाहीत," मी म्हणाले. "गेले. महिना झाला."

"आरारा... चांगला कारागीर. पर शेवटी हात गेलता म्हनं त्यांचा."

"हात शेवटपर्यंत चांगला होता, आबा," मी म्हणाले. "बसा. सांगते."

तो बाकावर बसला. बंदूक त्यानं भिंतीला टेकवली. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला, आणि आत न जाता तिथंच बसले.