शकूची ओळ सोलो केली तेव्हा

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं गाणं शिकवलं. अंगात येणाऱ्या दोन पोरींना पहाटे सरगम घोटायला लावली, तर त्यांचं येणं आपोआप बंद झालं! तेव्हा हसायचं तर खुशाल हसा...

गोष्ट गेल्या आश्विनातली. दारव्ह्याला आमच्या वरच्या खोलीत, दुपारी चारच्या सुमाराला घडलेली. माझी धाकटी बहीण शकू वणीला वारली, तिचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. तिची मुलगी सुनंदा फोनवर म्हणाली, "मावशी, तुमचं ते भुलाबाईचं गाणं पाठव ना व. आईच्या तोंडून एकदाही आयकलं नाई मी."

कसं ऐकणार? आमच्या आईनं रचलेलं ते सवाल-जवाबाचं गाणं. सवाल माझे, जवाब शकूचे. गल्लीतल्या प्रत्येक घरी मांडलेल्या भुलाबाईच्या मूर्तीपुढं आम्हालाच म्हणायला लावत. पुढं नागपूरला रेडिओसाठी गायिकांची निवड होती, तिथं दोघी गेलो. मी तेव्हा एकवीस वर्षांची — वारं प्यालेलं वासरू, आणि अक्कल मुंगीच्या पायाएवढी. परीक्षकांनी मलाच ऐकावं म्हणून, शकूनं जवाबाला तोंड उघडलं की मी पुढच्या सवालाची ओळ उचलायची. शेवटच्या जवाबाला तर मी हातच वर केला — थांब! ती थांबली... ती कायमचीच. पुन्हा गुणगुणलीसुद्धा नाही. एवढं करून निवड माझीही झाली नाही, हा त्यातला विनोद.

माझी नात मुक्ता लॅपटॉपवर गाणी करते. तिनं मला एक छोटा कीबोर्ड जोडून दिला. त्याला स्वतःचा आवाज नाही. कोणता सूर कधी दाबला, एवढंच कॉम्प्युटर पट्ट्या आखून लिहून घेतो. मग त्या पट्ट्यांना पाहिजे तो आवाज द्यायचा. याला म्हणे मिडी म्हणतात. प्रत्येक ट्रॅकला तीन बटनं. लाल टिंब पेटलेलं असेल तरच त्यात लिहिलं जातं. म्यूट केलं की तो ट्रॅक गप्प. सोलो केलं की तो एकटा वाजतो, बाकीचे गप्प.

"हे बटन मले एकविसाव्या वर्षी मिळालं असतं, तर हात वर करायची मेहनत वाचली असती," मी म्हटलं. मुक्ताला काही कळलं नाही.

पहिल्या ट्रॅकवर मी सवाल वाजवले. दुसऱ्याला 'शकू' नाव देऊन तो म्यूट करून ठेवला — कारण तिचे जवाब मला आठवतच नव्हते. ऐकले असते तर आठवले असते! नुसत्या जागा सोडत गेले.

वाजवून झालं आणि पाहते तर शकूच्या ट्रॅकवर पट्ट्या. लाल टिंब विझलेलं. म्यूट तसंच.

"आजी, तू दोन्ही ट्रॅक चालू केले असशीन."

"मंग दोन्हीकडं सारखंच उमटलं असतं ना व?"

मुक्ता वाकून पाहू लागली. पट्ट्या फक्त मी सोडलेल्या जागांत होत्या. प्रत्येक जवाब अर्धाच — माझी ओळ जिथं सुरू होते, तिथं कापल्यासारखा. शेवटचा तेवढा लांब. मी स्टॉप दाबला त्याच्याही कितीतरी पुढं गेलेला.

मीच म्यूट काढलं, सोलो दाबलं. पडद्यावरची रेघ पट्ट्यांवरून सरकू लागली, आवाजाची हिरवी खूण वरखाली नाचायला लागली... पण ऐकू काहीच येईना. पंख्याची घरघर तेवढी.

"बिघडलं व तुझं यंत्र," म्हणत मी वळले. मुक्ता रडून राह्यली होती.

"आजी... तुले खरंच आयकू नाई येत?"

तिनं ते सुनंदाला पाठवलं. लगेच फोन आला. "मावशी, आईची वाचा गेलती ना, तवा पलंगाच्या दांडीवर बोटं वाजवे. दिवसभर. हेच होतं व ते! शेवटचा जवाब किती लांब आहे..."

वर्षश्राद्धाला वणीत सगळ्यांनी ऐकलं. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मी स्पीकरला गुडघा टेकून बसले होते. काही नाही.

कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, "आजी, तरुणपणी होते तसेच आहेत."

"तेच तर दुखणं आहे," मी म्हटलं.

पट्ट्या कुठून आल्या, आणि सगळ्या जगाला ऐकू येतं ते मलाच का नाही — मुक्तानं, तिच्या मित्रांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

शकूचा ट्रॅक मी सोलोवरच ठेवलाय. रोज चारला लावते, आणि शेवटची पट्टी संपेपर्यंत बसून राहते. उजवा हात मांडीखाली दाबून.