उंदरांचं जेवण

मल्लेश्वरमला आमच्या गल्लीत एक अण्णा राहायचे. प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायचे, पण बोलायचे असं, की जणू घरी पाहुणे आलेत. "आज स्वल्प उशिरा जेवले हो, अक्का."

माझ्या लेकीला, सुमीला, कुत्रा चावला आणि दुसऱ्या दिवशी तो कुत्राच मेला. पोटातली इंजेक्शनं सुरू झाली, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या कुत्र्याच्या मेंदूचा अंश अण्णांच्या उंदरांना टोचला होता. चार आठवडे ते धडधाकट राहिले, तर कुत्रा पिसाळलेला नव्हता म्हणायचं.

अण्णा रोज संध्याकाळी फाटकाशी सायकल थांबवायचे, एक पाय जमिनीवर. "सगळे जेवले, अक्का." कॉफी विचारली, की "आत्ता नको," म्हणून निघालेच. मला वाटायचं, माणूस जरा शिष्टच आहे.

शेवटच्या दिवशी मात्र सायकल भिंतीला टेकवून आत आले, सुमीशेजारी बसले. "सगळे जेवले. सुटलो, अक्का. आता द्या कॉफी."

पेला घेतला, तर हात इतका थरथरत होता, की कॉफी सदऱ्यावर सांडली. महिनाभर मला धीर देणारा माणूस स्वतः किती घाबरला होता, ते तेव्हा कळलं मला.

सुमी म्हणाली, "अण्णा, दोन्ही हातांनी धरा."