पायावरची आंघोळ

आम्ही कोपरगावहून निघालो तेव्हा बाबा अंगणात नळीने झाडांना पाणी घालत होते. माझ्या हातात एक बॅग, शलोमीच्या हातात दुसरी. आदल्या दिवशी नगरला आमचं रजिस्टर लग्न झालं होतं आणि दिल्लीची गाडी पकडण्याआधी आम्ही नमस्कार करायला आलो होतो. शलोमी ख्रिश्चन. आमच्या घरात ते कुणाला पचलं नव्हतं. बाबांनी हातातली नळी खाली ठेवली नाही. "आता तुझं तू बघ," एवढंच म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. तेवढाच तिचा निरोप.

गाझियाबादला आल्यावर मी बाबांचं वाक्य फारच मनावर घेतलं. पडद्यांचे रॉड मी ठोकले, गळका नळ मी बदलला, मिक्सर उघडून बसलो आणि तो पुन्हा बंद करायला दोन रविवार घालवले. सोसायटीच्या ॲपवर एक बटण दाबलं की प्लंबर, कारपेंटर, जो हवा तो दारात. पण मी ते बटण दाबायचो नाही. शलोमी हसायची. "अरे यार, इलेक्ट्रिशियनला तरी बोलव. तुझ्या बाबांनी एवढंही म्हटलं नव्हतं!"

तुमच्यापैकी जे असे घरच्यांना दुखवून लांब आलेत, त्यांना माहीत असेल. दिवस कामात निघून जातो. अडतं ते सणाला, आजारपणात आणि बाळंतपणात.

जुई झाली ती होळीनंतर. शलोमीची आई ती शाळेत असतानाच गेलेली. वडील थकलेले, त्यांनी फोनवरून प्रार्थना केली. माझ्या घरी ताईने कळवलं होतं. तिचं माझ्याशी बोलणं कधीच तुटलं नव्हतं. कोपरगावहून मात्र काही उत्तर आलं नाही. शेजारच्या शर्माआंटी म्हणाल्या, "बेटा, जापावाली रख लो." म्हणजे बाळ-बाळंतिणीचं सगळं बघणारी बाई. आम्ही ठेवली. बाई मायाळू होती, हात हलका होता. शलोमीला पाठ चोळून घेताना झोप लागायची. पण आठवड्यातच बाईला गावाहून फोन आला. तिच्या स्वतःच्या मुलीचे दिवस भरले होते. जाताना तिने शलोमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उसका भी मेरे सिवा कौन है."

दार लागलं आणि शलोमी ढसाढसा रडली. एजन्सी दुसरी बाई पाठवायला तयार होती. शलोमी म्हणाली, "नको. सारखी कुणाची तरी आई उसनी नाही आणायची."

मग मी म्हणालो, "मी घालतो आंघोळ."

म्हणायला सोपं होतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, त्यात सगळी बाळं प्लास्टिकच्या टबात. मला आठवत होती आईची पद्धत: भिंतीला टेकून पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं. गल्लीतली कितीतरी बाळं मी तिच्या पायांवर पाहिली होती. पण पाहणं वेगळं. पहिले दोन दिवस मी जुईला नुसतं ओल्या कपड्याने पुसून काढलं. तेल लावलेलं बाळ हातात माशासारखं निसटतं. माझी पकड सुटायची, ती रडायची आणि दारात खुर्ची टाकून बसलेली शलोमी श्वास रोखून बघायची.

तिसऱ्या दिवशी मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. फोन वॉशिंग मशीनवर उभा केला. "सावकाश कर," ताई म्हणाली, "घाबरू नकोस." मी जुईला पायांवर घेतलं. शलोमी वाकून तांब्याने पाणी ओतू लागली. तेवढ्यात फोनमधून दुसराच आवाज आला.

"अगं, मान! मान धर म्हणावं त्याला!"

ताई तेव्हा माहेरी आली होती. मला ते माहीत नव्हतं.

दीड वर्षाने मी आईचा आवाज ऐकत होतो आणि मला वर बघता येत नव्हतं. दोन्ही हात पोरीवर होते.

"त्याला सांग, पाय इतके फाकवू नको. पडेल ना पोर!" आई ताईला सांगत होती. मग ताईमार्फत सांगण्याइतका आईला धीर राहिला नसावा, कारण पुढचं थेट माझ्यावर आलं. "संदीप! डोक्यावर असं धबाधबा नाही ओतायचं. कपाळाशी हात आडवा धर. डोळ्यांत जाईल तिच्या."

मी हात आडवा धरला. जुईने रडणं थांबवलं नाही, पण माझी पकड बसली.

"आणि ती कुठंय?" आईने विचारलं. शलोमी तांब्या धरून तशीच उभी राहिली. "कानाला काही बांधलंय का तिने? बाळंतिणीने असं वाऱ्याला उभं राहायचं का?"

शलोमीने ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि घाबरून भलतंच, अर्धं हिंदीत, बोलून गेली, "जी, बांध लिया, आई."

मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "डिंकाचे लाडू पाठवते. तिकडचे नको खाऊस."

त्यानंतर रोज सकाळी फोन वॉशिंग मशीनवर उभा राहू लागला. आई एकही चूक सोडायची नाही. बाबा कधी समोर आले नाहीत. पण एकदा मागून त्यांचा आवाज आला, "आधी गीझर बंद करायला सांग, मग पोरीला आत ने म्हणावं." मी त्या दिवसापासून रोज मोठ्याने सांगू लागलो, "गीझर बंद केलाय." कुणाला सांगतोय ते सगळ्यांना कळत होतं.

दिवाळीत आम्ही कोपरगावला गेलो. आईने दारात तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाबांनी शलोमीच्या हातातली बॅग घेतली आणि आत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी आईने हौसेने पाट मांडला. आईचे पाय तरबेज, हात सराईत. पण जुईने आकांत केला. आईने सगळं करून पाहिलं आणि शेवटी तिला माझ्याकडे दिलं.

"तूच घाल," ती म्हणाली. "तिला तुझ्या पायांची सवय झालीय."

मला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल. पण ती शेजारी बसली आणि पाणी ओतू लागली. एकदाही मला चूक दाखवली नाही.

निघताना आई-बाबा स्टेशनवर आले. गाडी यायची होती. फोनवर ताईने विचारलं, कधी पोचाल. "उद्या दुपारपर्यंत घरी असू," मी म्हणालो. बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं, की कोपरगावच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून मी गाझियाबादला घर म्हणालो होतो. मी आईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. तिने जुईचं टोपडं कानांवर ओढलं आणि म्हणाली, "उद्या गेल्या गेल्या आंघोळ नको घालूस. प्रवासाचा शीण असतो. परवा घाल. आणि फोन लाव."